दसऱ्यानंतर बिघडलेलं इंजिन

इंजिनाजवळ गेलो आणि मला शिसारीच आली. चाकणला इंजिनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेलाय. काळं तेल हाताला लागल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. पण महाळुंग्याच्या दौलतरावांचं हे पंपाचं इंजिन म्हणजे निव्वळ उकिरडा होता. वंगणावर कुंकू, कुंकवावर नारळाचं पाणी, त्यावर मुंग्या.

"दसऱ्यापासनं बिघडलंय," दौलतराव म्हणाले. "रेस कमी केली तरी मोकाट पळतंय, तापतंय अन् बंद पडतंय. भिवाच्या हाताचा इटाळ झाला, दुसरं काय! काढून टाकला त्याला."

भिवा बौद्धवस्तीतला. वर्षानुवर्षं हे इंजिन तोच चालवायचा. काम परत मिळेल या आशेनं बिचारा बांधावर उभा होता. विटाळ म्हणे! त्याच हातांनी सोडलेल्या पाण्यावर यांचा कांदा पोसला, तेव्हा बरा नाही झाला.

मी दात-ओठ खात इंजिन चालू केलं आणि ब्रशनं एकेका सांध्यावर साबणाचा फेस लावत गेलो. कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडतात त्या गळ्यापाशी फेस आत ओढला गेला आणि आवाज एकदम बसला. फुकटची हवा इथूनच आत शिरत होती. हवा जास्त आणि तेल कमी झालं की इंजिन भडकणारच. ते बंद करून मी वरचा थर खरवडला. खाली गळ्याला चीर गेली होती आणि चिरीत नारळाच्या शेंडीचा धागा अडकला होता.

"नारळ कुठं फोडता?"

"हितंच की, इंजिनावर. दरसाल."

"यंदा भिवानं हात लावला होता?"

"छ्या! पूजेला त्याला जवळ कोण येऊ देतंय? बांधापल्याड उभा केला व्हता."

बोलून गेले आणि त्यांची नजर चिरीतल्या धाग्याकडं गेली.

गळा चाकणला नेऊन वेल्डिंग केलं, काचेवर पॉलिशपेपर अंथरून त्याचं तोंड सपाट घासलं, नवं पॅकिंग घातलं. दुसऱ्या दिवशी इंजिन शहाण्यासारखं चालू झालं. भिवा बांधावर होताच.

"ये रं उद्यापासनं कामावर," दौलतराव त्याला म्हणाले, जणू उपकारच. "फकस्त दसऱ्याला लांब ऱ्हा."

मला तिथंच थुंकावंसं वाटलं.

"आता रोजच लांब ऱ्हातो, पाटील," भिवा म्हणाला.

मी हत्यारं आवरायला वळलो, तर पान्ह्यांची पिशवी त्यानं केव्हाच माझ्या सायकलला अडकवली होती.

"उस्ताद, तुमच्याकडं काम हाय का?"

"बस मागं," मी म्हणालो.