उलटी लावलेली टाइल

सलीमभाई नळाचं काम करतो, मी टाइल बसवतो. शहाद्यात आमचं नाव जोडीनंच घेतात, पण आम्ही एका बाथरूममध्ये शिरलो की बाहेरच्याला वाटावं, आता मारामारी होते. भिंतीतल्या नळाभोवती भोक मोठं ठेव, उद्या बिघडला तर पान्हा आत गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मला भोक बारीक लागतं. वरून नळाची चकती बसली की कड दिसायला नको.

"रूपचंद, एकदाव तू हात घालीसन देख," तो म्हणतो. "मंग समजी तुले."

या उन्हाळ्यात आम्ही लोणखेड्याला होतो, हेमकांतभाऊंच्या घरी. केळीवाले, गुजर माणसं. आपसात गुजरी बोलतात, आम्ही समोर असलो की अहिराणी. त्यांची आई रंजनाबाई दिवाळीच्या आधी खळ्यात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, खांदाही धरला. हात खांद्याच्या वर जात नाही. तेव्हापासून तिला अंघोळ सून घालते. सून प्रतिभा गुणाची, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण म्हातारीला तेच जास्त लागायचं. आम्ही पहिल्या दिवशी सामान उतरवत होतो तेव्हा खाटेवरून म्हणाली,

"मिस्तरी, मन्हं आंग मीच धुसू, दार लोटीसन. असं काही कर. बाकी माले काही नको."

हेमकांतभाऊंना मात्र बरंच काही हवं होतं. सुरतेला एका हॉटेलात त्यांनी बघितलं होतं. शॉवरचा नळ भिंतीच्या आत, बाहेर फक्त एक चकती आणि दांडा. गरम-थंड त्या एका दांड्यानं. चार बाय दोनच्या टाइला आणल्या, संगमरवरासारख्या. करड्या रेघा एका टाइलीतून दुसरीत जातात, सगळी भिंत एकच दगड वाटावी अशा. जास्तीची एकच टाइल होती, ती पहिल्याच दिवशी माझ्या हातून फुटली. दुकानात तो माल संपलेला.

सलीमभाईनं नळ बसवला साडेतीन फुटावर. असल्या नळाच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी असते, तिच्यावर दोन खुणा. टाइलीचं तोंड त्या दोन खुणांच्या मधे यायला पाहिजे. आत गेलं तर दांडा बसत नाही, बाहेर आलं तर चकती टेकत नाही. मी खुणा धरून दुसऱ्या ओळीची टाइल आडवी लावली. भोक चांगलं चार इंची पाडलं, कारण सलीमभाई डोक्यावर उभा होता.

थोड्या वेळानं रंजनाबाई वॉकर टेकत बघायला आली. बसून अंघोळ करायची खुर्ची प्रतिभानं आत ठेवली, तिच्यावर बसली. नळाकडे हात केला. बोटं खालीच थांबली, वीतभर. तिनं उठायचं करून बघितलं, परत बसली.

"ऱ्हाऊ द्या आई," प्रतिभा म्हणाली. "नळ मी सोडी दिसू ना."

"चांगलं शे," रंजनाबाई म्हणाली आणि वॉकर टेकत गेली.

आम्ही दोघं तिथंच.

"साडेतीनवर काबरं ठेवं?" मी विचारलं.

"सगळाकडे तितलंच ठेवस मी. तू भोक पाडं तवय तोंड शिवेल होतं का तुन्हं?"

खरं होतं. जन्मभर आम्ही दोघांनी दगडावर बसून अंग धुतलं. आणि शॉवर म्हटलं की माप धरलं उभ्या माणसाचं. म्हातारीला कोणी विचारलं नाही.

टाइल चिकटवायचं केमिकल अजून ओलं होतं. तासाभरात पकडलं असतं. पण टाइल काढून करायचं काय? भोक चुकीच्या जागी, दुसरी टाइल नाही. मी उगाच टेप लावली. भोकापासून वरची कड अर्धा फूट, खालची दीड फूट. परत लावली.

"सलीमभाई, हिला उलटी करू. वरली कड खाले."

तो भिंतीवर बोटांनी मोजायला लागला. "मंग भोक अडीच फुटवर यी."

"यी."

"नी तुन्ह्या रेघा?"

रेघा शेजारच्या टाइलीशी जुळणार नव्हत्या. वर जाणारी रेघ मधेच खाली वळणार. तीस वर्षांत मी असं काम करून कुणाला दिलं नव्हतं. हेमकांतभाऊ शहाद्याला गेलेले. मी प्रतिभाकडे बघितलं.

"काढा," ती म्हणाली. "त्या घर उनात की त्यासनाशी मी बोलसू."

दोघांनी टाइलीला चिकटून धरणारे व्हॅक्यूमचे हँडल लावले, मागून तार फिरवली. भोकाजवळ तडा गेला असता तर खेळ संपला असता. पण टाइल सुटली, चिखलातून बैलाचा पाय निघावा तशी. धुतली, भिंतीला टेकवली. सलीमभाईनं पाइप कापले, नळ त्याच खाचेत फूटभर खाली घेतला, जोडांना सोल्युशन लावलं. आता उद्या पंप लावून गळती बघायची, मगच टाइल.

संध्याकाळी हेमकांतभाऊ आले. उघडी भिंत बघून त्यांचा आवाज चढला.

"तयार भिंत काबरं काढी? कोणले इचारं?"

प्रतिभा पुढे झाली. "मी सांगं काढाले. आते तुम्ही या खुर्चीवर बठा. हात खांदाना वर नेवाना नही. नळ व्हता तठे पोचस का, देखा."

ते बसले. जुन्या जागेकडे हात केला. बोटं त्यांचीही खालीच राहिली.

"पन रेघा?" शेवटी हळूच म्हणाले. "लोक काय म्हणतीन?"

खाटेवरून रंजनाबाई म्हणाली, "लोक माले आंग धोताना देखाले येतीन का?"

सलीमभाईनं तोंड फिरवून हसू दाबलं. हेमकांतभाऊंना दाबता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गळती नव्हती. उलटी टाइल धरली तर नळ भोकात बोटभर डावीकडे. मोठं भोक होतं म्हणून निभावलं, आणि ते सलीमभाईनं मला दिवसभरात सात वेळा सांगितलं. खुणा बघून टाइल पक्की केली. रेघ मधेच मोडली ती मोडलीच. बघितली की अजून मला टोचते.

चार दिवसांनी चकती आणि दांडा बसवायला गेलो. बसवून झाल्यावर रंजनाबाई म्हणाली, आत्ताच करते अंघोळ. खुर्चीवर बसली, दांडा वर केला, डावी-उजवीकडे फिरवून पाणी हाताला लावून बघितलं. मग प्रतिभाला म्हणाली, "जाय तू." दार लोटलं.

आम्ही ओसरीत बसलो. पाण्याचा आवाज चालू. दहा मिनिटं झाली, वीस झाली. हेमकांतभाऊ दोनदा उठून दाराशी जाऊन आले. तिसऱ्यांदा हाक मारली.

"आई, व्हयनं का?"

"हेमकांत," आतून आवाज आला, "तुले काही काम नही का? मळामा जाय."

त्यांनी मोटारसायकलची किल्ली घेतली आणि खरंच गेले.