दिएपचे विटांचे घर

मेकाँगच्या कालव्याकाठी विटा पाडण्यात खिएमचे उभे आयुष्य गेले होते, पण चिंचोक्याएवढी वीट त्याने कधी पाडली नव्हती. लेक दिएप बाहुलीसाठी घर मागायची, तेव्हा "भट्टी उतरू दे, मग बघू," म्हणून तो तिला वाटेला लावायचा. आठव्या वर्षी ती तापाने गेली. आता तिचे वर्षश्राद्ध आले होते.

श्राद्धाला कागदाचे कपडे, कागदाचे घर जाळायचे. जळले की ते गेलेल्या माणसाला पोचते. बाजारातले कागदी घर खिएमच्या मनास येईना.

"पहिल्याच पावसात भिजेल पोर," तो बायकोला म्हणाला.

"मग तुमच्या हातचं करा," न्हान म्हणाली.

महिनाभर तो त्यातच होता. गाळाची माती वस्त्रगाळ केली, मळली, लाटली. वाळताना आटते म्हणून थोडी मोठी धरून दोऱ्याने विटा कापल्या. गुळगुळीत वीट खोटी दिसते, म्हणून एकेकीच्या कडा काडीने खरवडल्या. मडक्यात तुसावर भाजल्या. विस्तवाजवळच्या काळपट निघाल्या, त्या मुद्दाम मधूनमधून बसवल्या. सांध्यांत सुईने चुना भरला. भिंत उभी राहिली तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा तो हसला.

श्राद्धाच्या दुपारी अंगणात जाळ झाला. खिएमने घर त्यात अलगद ठेवले. शहरातून आलेली त्याची थोरली बहीण लुआ बघतच राहिली.

"अरे, हे जळणार कसं?"

"म्हणजे?"

"वीट आहे ती! जन्म भट्टीवर गेला ना तुझा? राख झाल्याशिवाय पोरीला पोचणार कसं?"

"अक्का, हळू बोला," न्हान पुटपुटली.

विस्तव वीट करतो, एवढेच खिएम आणि न्हानला ठाऊक होते. हा विस्तव निराळा, हे महिनाभरात एकाच्याही डोक्यात आले नव्हते.

कागदी झगे भुर्रकन गेले. कागदी चपला गेल्या. घर होते तिथेच होते.

"अहो, तूस घाला की अजून," न्हान म्हणाली. "जाळ कमी पडत असेल."

जाळ कमी पडत नव्हता. खिएमने तरी टोपली ओतली. मग दुसरी ओतली. लुआने त्याचा दंड धरला, तो त्याने सोडवून घेतला आणि तिसरी भरायला गेला. दर टोपलीगणिक भिंत अधिक लाल, अधिक पक्की होत चालली होती.