रविवारच्या कुंड्या

आम्रपालीने गॅसवर तापवलेला स्क्रू-ड्रायव्हर रंगाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला टेकवला आणि तोंड फिरवलं. जळक्या प्लास्टिकचा वास गॅलरीभर पसरला.

“तोंड फिरवून भोक पडत नाही,” यमुनाबाई म्हणाल्या. “बघून कर.”

“तुम्हीच करा ना, आई. मागच्या खेपेला तुम्ही पाडलेली कशी गोल झाली होती.”

“पाण्याला गोल-चौकोनी कळत नाही. वाहून गेलं म्हणजे झालं. कर तू.”

पदर खोचून त्या दारातल्या स्टुलावर बसल्या होत्या. पूर्वी त्या दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेत. हल्ली मात्र हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसत आणि आम्रपाली चुकली की तेवढ्यापुरत्या बोलत.

गॅलरी म्हणजे तरी काय, वारज्यातल्या चौथ्या मजल्यावरची एक पट्टी. अर्धी वॉशिंग मशीनने खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यात दोघी उभ्या राहिल्या की एकीला दुसरीची परवानगी घेऊन वळावं लागे. घटस्फोट झाल्यावर आम्रपालीने ही जागा भाड्याने घेतली, ती कामावरची पॅथॉलॉजी लॅब जवळ पडते म्हणून. गॅलरी तिने पाहिलीही नव्हती.

बुद्धभूषणशी तिची भांडणं अशी कधी झाली नाहीत. झाली असती तर बरं, असं तिला पुष्कळदा वाटे. बिबवेवाडीच्या त्या घरात नवरा-बायकोतलं बोलणं हळूहळू आटत गेलं, आणि जे काही शिल्लक राहिलं ते सासू-सुनेत राहिलं. आम्रपालीची आई ती शाळेत असतानाच गेली होती. पुलगावला काकूच्या घरी ती वाढली. तिथे खायला-ल्यायला कमी नव्हतं, पण ‘आई’ अशी हाक मारायला कुणी नव्हतं. ती सवय तिला लग्नानंतर लागली. कोर्टाचा निकाल लागला, सगळं रीतसर मिटलं. या सवयीचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

निकालानंतरच्या पहिल्याच रविवारी दारावरची बेल वाजली. स्वारगेटला बस बदलून यमुनाबाई आल्या होत्या.

“भाकरी उरल्या होत्या,” एवढंच म्हणून त्या आत शिरल्या. डबा उघडला तर भाकरी अजून गरम होत्या.

त्या दिवसापासून त्या दर रविवारी येत राहिल्या. येत, चहा घेत, टीव्ही लावून बसत. भूषणचा विषय दोघीही काढत नसत. मग सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला त्या धापा टाकत जिना चढून आल्या, त्या दिवशी लिफ्ट बंद होती. खांद्यावर शेणखताची पिशवी.

“ही जागा मोकळी कशाला ठेवायची?” त्या म्हणाल्या. “काहीतरी लाव.”

“माझ्या हाताला काही जगत नाही, आई.”

“हाताला नाही जगत. रोज बघितलं की जगतं.”

तेव्हापासून गॅलरीचं रूप पालटत गेलं. पसरट टबात मेथी उगवली. पुदिना उन्हाने करपायला लागला, तेव्हा आम्रपालीने तो मशीनच्या सावलीला सरकवला. कढीपत्त्याने आधी सगळी पानं टाकली आणि मग जणू उपकार म्हणून चार नवी काढली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, “आमच्या गॅलरीत रोज सकाळी पाऊस पडतो. तुमच्याकडे पडतो का हो?” तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली ताटली आली. यमुनाबाई प्रत्येक वेळी एकेक गोष्ट सांगत. बोट खुपसून ओल बघायची आणि मगच पाणी घालायचं. भर उन्हात रोप हलवायचं नाही. आणि पुढच्या रविवारी तीच गोष्ट, शाळामास्तरीण विचारते तशी, विचारत. आम्रपालीला हसू येई. कधी राग. आपल्याशी प्रेमाने दोन शब्द बोलायचे सोडून या खताबद्दलच का बोलतात, असंही मनात येई.

आज डब्यात टोमॅटोचं रोप लावायचं होतं. आम्रपालीने भोकांवर खापरीचे तुकडे ठेवले, माती भरली, रोप उभं केलं आणि बोटांनी भोवतीची माती दाबली.

“जमलं?”

यमुनाबाईंनी वाकून बघितलं. “जमलं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघत होता.

आम्रपाली खूश झाली. “पुढच्या रविवारी मायाळूच्या वेलाला दोरी बांधू या. येताना सुतळी आणाल?”

यमुनाबाई हाताची माती झटकू लागल्या. त्यांच्या हाताला आज माती लागलेलीच नव्हती.

“पुढच्या रविवारी मी नाही येणार.”

“बरं. मग त्याच्या पुढच्या.”

“नाही, बाई. भूषणचं लग्न ठरलंय. चौदा एप्रिलची जयंती झाली की आहे.”

हायवेवरून एक ट्रक गेला. आपल्याला धक्का बसायला हवा, असं तिला वाटलं. पण भूषणच्या लग्नाच्या बातमीने आत काहीच हललं नाही. मग मागचं वाक्य उशिरा कानात शिरल्यासारखं तिने विचारलं,

“म्हणजे तुम्ही येणारच नाही?”

“निशा नाव आहे तिचं. आई-बाप दोन्ही नाहीत. मामाने वाढवली. आम्ही बघायला गेलो, तर पाणी देऊन माझ्याच शेजारी येऊन बसली.” यमुनाबाईंचा आवाज कोरडा होता. “निघताना मला आई म्हणाली.”

आम्रपालीने टोमॅटोच्या बुडाशी पुन्हा माती दाबली.

“भूषण काही बोलला का? इकडे जाऊ नकोस म्हणून?”

“तो कशाला बोलतोय? तो बोलणारा असता तर हा दिवस आला असता का?”

“मग?”

“त्या पोरीला रविवारी मी घरात दिसायला हवी. माझा जीव दुसरीकडे आहे, असं तिला वाटायला नको.”

“आणि नाहीये का तो?”

“आहे,” यमुनाबाई म्हणाल्या. “म्हणून तर.”

आम्रपाली उठून उभी राहिली. हात धुवायला आत जावं, तर दारात यमुनाबाईंचं स्टूल होतं. ती कठड्याकडे तोंड करून उभी राहिली.

“कधी ठरलं?”

“जानेवारी लागला, त्याच आठवड्यात.”

आम्रपाली वळली. तिने मेथीकडे पाहिलं, पुदिन्याकडे पाहिलं, ग्रिलला नुकत्या टेकलेल्या मायाळूकडे पाहिलं. यातलं काहीच तेव्हा नव्हतं. खताची ती पहिली पिशवी घेऊन आई जिना चढून आल्या, तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं. प्रत्येक वेळी ‘तू कर’ म्हणताना ठाऊक होतं.

ती खाली बसली आणि आपले मातीचे हात तसेच यमुनाबाईंच्या मांडीवर ठेवले. नेसलेलं लुगडं खराब झालं. यमुनाबाईंनी ते हात बाजूला केले नाहीत.

मग आम्रपाली म्हणाली, “तिला एक सांगा, आई. निशाला.”

“काय?”

“तो आठ-आठ दिवस गप्प बसतो. तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं समजू नकोस म्हणावं. तो तसाच आहे. तिने बोलत राहायचं.” तिने नाक ओढलं. “मी पण गप्प बसायला शिकले. तसं तिने करू नये.”

यमुनाबाईंनी मान हलवली. मग पदराने आधी तिचं तोंड पुसलं आणि त्याच पदराने आपलं.

“चला,” त्या म्हणाल्या. “ऊन चढायच्या आत निघते.”

आम्रपाली त्यांना पोचवायला थांब्यावर गेली. दोघी शेडच्या सावलीत उभ्या राहिल्या. बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून यमुनाबाईंनी विचारलं, लॅबमध्ये काम फार असतं का. असतं, असं आम्रपालीने सांगितलं. वेळेवर जेव, त्या म्हणाल्या. जेवते, ती म्हणाली.

स्वारगेटची बस आली. मागची सगळी बाकं रिकामी होती.

“फार गर्दी आहे,” यमुनाबाई म्हणाल्या. “ही जाऊ दे.”

बस गेली. दोघी रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. काही वेळाने दुसरी आली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, “येताय का, आजी?” यमुनाबाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. पिशवीत रिकाम्या डब्याशिवाय काहीच नव्हतं. तीही बस निघून गेली.

आम्रपालीने त्यांच्याकडे पाहिलं. यमुनाबाई खाली मान घालून पिशवीचे बंद नीट करत होत्या, एकावर एक, पुन्हा पुन्हा.

तिसरी बस वळणावर दिसली, तेव्हा आम्रपालीच पुढे झाली आणि तिने हात केला.