अर्धी मिशी आणि अख्खं घर

पैज लागली ती अर्ध्या मिशीवर.

पेशवाईतलं पुणं. शिमग्याला पलीकडच्या आळीतली गवती छपरं पेटली, तेव्हापासून बजरंग तांबटाने आगीची धास्तीच घेतली होती. दारात पाण्याचे दोन रांजण, भिंतीला शिडी, आणि घरादाराला कवायत. त्याने परात बडवली की बायकोने दागिन्यांची पेटी घ्यायची, पोरीने शेळी सोडायची, आईने देव उचलायचे आणि सगळ्यांनी रस्त्यावर!

"अर्ध्या घटकेत घर रिकामं," तो शेजारच्या जयसिंगाला म्हणाला.

"तू जेवायला चार हाकांशिवाय उठत नाहीस, आणि तुझं घर परातीवर उठणार?" जयसिंगाने मिशीला पीळ दिला. "लाव अर्धी मिशी. उद्या सकाळी. घरात आधी सांगायचं नाही, घराचा उंबरा ओलांडायचा नाही, घरच्यांना हाक मारायची नाही."

"लावली!"

लावली खरी, पण मग त्याला आठवलं. परवा पोरीला, शकूला, बघायला सासवडची माणसं येणार होती. अर्ध्या मिशीचा व्याही कोण पत्करणार?

सकाळी कल्हईवाले मेहबूबचाचा पंच म्हणून ओट्यावर बसले. पुढ्यात पाण्याचं घंगाळ, त्यात बुडाला भोक पाडलेली, अर्ध्या घटकेत भरून बुडणारी वाटी सोडली. "ही बुडाली की खेळ खलास."

बजरंगने परात बडवली. दारात कुणी नाही. हात भरून येईस्तोवर बडवली. कुणी नाही!

जयसिंग हसून हसून खांबाला टेकला. "अरे शहाण्या, जरा कान दे की!"

बजरंगने कान दिला आणि कपाळाला हात लावला. आळीतले चाळीस हातोडे तांब्यावर ठणाठणा पडत होते. त्यात याच्या परातीला कोण विचारतो? कवायती सगळ्या अमावस्येला झालेल्या, दुकानं बंद असताना. जन्मभर ठणठणाटात झोपलेल्यांना आवाजाने उठवायला निघाला होता गडी!

वाटी अर्ध्याहून जास्त भरली.

बजरंगने परात टाकली आणि धूम ठोकली. पहिल्या दुकानात हातोडाच धरला. "पाया पडतो, थांब!" मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. थांबलेला पुढच्याला खुणावू लागला आणि बघता बघता आळी चिडीचूप. कामाच्या दिवशी, भर सकाळी, एक हातोडा नाही.

"अगं बाई! सगळे पळाले की काय? आग कुठंय?" त्याची बायको तुळजाबाई पेटी काखेत मारून बाहेर आली. मागे शकू शेळीला ओढत, तिच्यामागे म्हातारी देव पदरात घेऊन. आणि एकटं त्याचंच घर नाही, अख्खी आळी रस्त्यावर! जयसिंगाची बायको लोणच्याची बरणी कवटाळून धावली.

"अगं, लोणचं काय घेतेस?"

"मग काय तुमची मिशी घेऊ?"

बुडुक. आत्ता कुठे वाटी बुडाली.

"हे खोटं! परात ठरली होती!" जयसिंग ओरडला.

"हाक मारली का त्याने? उंबरा ओलांडला?" चाचा शांतपणे म्हणाले. "न्हाव्याला बोलवा."

रस्त्याच्या मधोमध पाट मांडला. आळी भोवती गोळा. बजरंग आपल्या मिशीची दोन्ही टोकं चाचपत पहिल्या रांगेत.

"डावी की उजवी?" न्हाव्याने विचारलं.

"जी कमी दिसेल ती," जयसिंग पुटपुटला.

"डावी काढा," त्याची बायको बरणी सावरत म्हणाली. "झोपेत तीच टोचते."

वस्तरा फिरला. जयसिंगाची डावी मिशी त्याच्याच मांडीवर पडली, आणि चाळीस हातोडे एकदम तांब्यावर पडले.