तिसरा आग्रह

यदुल्लाने आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या विचारण्याला घेतली नव्हती. चहा नाही, खजूर नाही, बायको तर नाहीच. तूबाच्या बापाने "मुलगी तुमचीच समजा" म्हटलं, तेव्हा हा बाबा "छे छे, आमची कुठली एवढी लायकी" म्हणत दोनदा बैठकीतून उठला आणि तिसऱ्या आग्रहाला खाली बसला. देणाऱ्याने तीनदा म्हणायचं, घेणाऱ्याने दोनदा नाही म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. तिला तआरुफ म्हणतात. ती पाळली नाही तर माणूस हावरा ठरतो, आणि फारच पाळली तर उपाशी राहतो. मधली वाट यदुल्लाला बरोबर सापडलीय, असं सगळं चाह-अनार गाव समजत होतं. तोही समजत होता.

यज्दहून तबसकडे इराणच्या वाळवंटातून जो रस्ता जातो, त्याच्या कडेला ही सराई. शहा अब्बासच्या वेळची. उंटांचे तांडे इथे उतरायचे, आता मोटारी उतरतात. यदुल्ला चौतीस वर्षं तिचा राखणदार होता. सकाळी सहाला मोठ्या दरवाजातलं छोटं दार उघडायचं, अंगण झाडायचं, चहाचा सामोवर पेटवायचा आणि धूळ उडवत गाडी आली की पुढे होऊन म्हणायचं, "या, या, डोळ्यांवर पाय ठेवून या." मग चोवीस खोल्या, तबेला, भुईखालचं पाण्याचं टाकं, गार वारा आत ओढणारे मनोरे. घुमटाखाली तो एकाला एका कोपऱ्यात उभं करायचा, दुसऱ्याला समोरच्या कोपऱ्यात, आणि भिंतीकडे तोंड करून हळूच बोलायला सांगायचा. नवराबायको असली की भिंतीतून एकमेकांचा आवाज ऐकून दोघंही लाजायची. शेवटी सगळ्यांना गच्चीवर न्यायचा. तिथून पांढरंफटक मिठाचं मैदान दिसतं, पार आभाळाला टेकेपर्यंत. तिथे मात्र यदुल्ला काही बोलत नसे. बघू द्यायचा.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता शहरातल्या जुन्या वास्तूंच्या कचेरीतून अर्जुमंद खानम आल्या. पस्तिशीच्या, चष्मा लावलेल्या, हातात फाइल. बातमी चांगली होती. सराईची डागडुजी होणार, रस्त्यावर मोठी पाटी लागणार, आणि राखणदाराची नेमणूक नव्याने, कागदोपत्री होणार. यदुल्लाने चहा पुढे केला. खानमनी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतला. बाई आपल्यातलीच आहे, रीतभात जाणते, म्हणून यदुल्ला खूश झाला.

"मश्ती, पुढेही तुम्हीच सांभाळाल ना?" खानमनी विचारलं. मशहदची यात्रा केलेल्याला आमच्याकडे मश्ती म्हणतात.

यदुल्लाच्या मनात लाडू फुटले. पण रीत ती रीत. "मी? अहो, मी म्हणजे तुमच्या पायाची धूळ. ह्या म्हाताऱ्या गाढवाच्या गळ्यात कशाला ही घंटा बांधता? कुणीतरी तरणाताठा बघा."

"असं कसं? तुमच्याइतकं इथलं कुणाला ठाऊक आहे?"

हा दुसरा आग्रह. आता आणखी एक नकार, की तिसऱ्याला मान खाली घालून "तुमची आज्ञा" म्हणायचं, बस. पण नुसतं नाही म्हणणं यदुल्लाला अळणी वाटलं. त्यात त्याने जरा मीठ घातलं.

"ठाऊक असून काय उपयोग, खानम? गुडघे गेले माझे. टाक्याच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरताना देव आठवतो, चढताना आई आठवते. परवा तर मधेच बसलो, उठवेना. आता ह्या हाडांना घरी पडू द्या."

गुडघे काही गेलेबिले नव्हते. थंडीत कुरकुरायचे, एवढंच. एकाहत्तराव्या वर्षी कुणाचे कुरकुरत नाहीत?

खानमनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डोळे भरल्यासारखे झाले त्यांचे. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि ती मिटली.

"ठीक आहे, मश्ती. मी दुसरं कुणी बघते. तुम्ही फार केलंत. तुमचे हात कधी दुखू नयेत."

"तुमची सावली कधी आखूड होऊ नये," यदुल्ला सवयीने म्हणाला. गाडी गेली. तो चहाचं तबक हातात धरून बराच वेळ दारात उभा होता.

घरी तूबाने सगळं ऐकून घेतलं आणि पोळपाटावरची नानची कणीक तशीच सोडून कपाळाला हात लावला.

"गुडघे कशाला काढलेत मधे? नुसतं नको नको म्हणून भागलं नसतं?"

"नुसतं म्हटलं तर खोटं वाटतं."

"मग आता वाटलं ना खरं! बसा आता गुडघे कुरवाळत."

"तिनं तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, तूबा. चहा घेताना बरोबर तीनदा मोजलं तिनं!"

"तिला कशाला बोल लावता? मी उद्या फोन करते. सांगते, आमचे हे खोटं बोलले, त्यांना सराईची किल्ली हवीय."

"खबरदार! चौतीस वर्षांत कुणापुढे हात पसरला नाही मी. गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मग घाला त्या अब्रूचं लोणचं," तूबा म्हणाली आणि कणकेला अशी भिडली, की यदुल्ला अंगणात जाऊन बसला.

नवा राखणदार शनिवारी येणार असा निरोप आला. मधे नऊ दिवस होते. ह्या नऊ दिवसांत जे प्रवासी आले त्यांनी अशी सराई पाहिली, जशी कुणी पाहिली नसेल. इस्फहानच्या एका कुटुंबाला त्याने उंटवाल्यांनी विटांवर कोरलेली नावं एकेक करून वाचून दाखवली. मुलं भुकेने रडायला लागली तेव्हा कुठे थांबला. अठ्ठेचाळीस पायऱ्या दिवसातून पाच-पाच वेळा उतरला आणि चढला, जणू गुडघ्यांना खोटं पाडायचं होतं. आणि एका दुपारी, गाडी नाही, माणूस नाही, असं बघून तबेल्यात जाऊन तो ढसाढसा रडला. कुणी आलंच असतं तर धूर गेला डोळ्यांत म्हणता आलं असतं. तिथल्या भिंती अजून काळ्या आहेत. धूर चारशे वर्षांपूर्वीचा आहे, पण असो.

त्याला ही जागा हवी होती. दुसरं काही नको होतं, हीच हवी होती. आणि हे एक वाक्य बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती, कारण असलं वाक्य ती कधी बोललीच नव्हती.

शनिवारी सकाळी अर्जुमंद खानम आल्या. बरोबर पंचावन्न-छपन्नचा एक रुंद खांद्यांचा माणूस होता, जरा डावीकडे वाकून चालणारा. "हे नवरोजअली. शेजारच्या गावचे. ट्रक चालवायचे," खानमनी ओळख करून दिली. नवरोजअलीने छातीवर हात ठेवून मान लववली. त्याच्या दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

यदुल्लाने वीतभर लांब लोखंडी किल्ली दोन्ही तळहातांवर ठेवून पुढे केली. "घ्या. आजपासून तुमची."

"छे छे, मश्ती!" नवरोजअली दोन पावलं मागे सरला. "तुम्ही असताना मी कोण हात लावणार? ही तुमच्याच हाताला शोभते. तुमच्याकडेच राहू द्या."

आता यदुल्लाने म्हणायला हवं होतं, "असं कसं, घ्याच." मग नवरोजअलीने नाही म्हणायचं, मग पुन्हा घ्या, आणि तिसऱ्याला किल्ली गेली असती. सगळं ठरल्यासारखं, बिनबोभाट. यदुल्लाने किल्लीकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला, आणि ती कोटाच्या खिशात घातली.

असं आमच्या मुलखात कधी झालं नव्हतं. अर्जुमंद खानम तोंड उघडं टाकून बघतच राहिल्या. नवरोजअली हसला. "हो, हो... तुमचीच आहे," म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते फडक्यातलं ओझं तो हळूच पाठीमागे न्यायला लागला. फडकं सरकलं. आत सामोवर होता, घासूनपुसून लखलखीत केलेला. घरून घेऊन आला होता बिचारा, इथे मांडायला.

यदुल्लाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चहाचं तबक धरून दारात उभा होता, तेव्हा आपलं तोंड असंच दिसलं असणार.

"नवरोजअली," तो म्हणाला, "आता तोंडदेखलं नको. तुम्हाला हवी होती का किल्ली?"

"नाही हो मश्ती, तुमच्यापुढे मी..."

"एकदाच विचारतोय. दुसऱ्यांदा विचारणार नाही."

नवरोजअलीने सामोवर पाठीमागून पुढे आणला. मग म्हणाला, "हवी होती. सव्वीस वर्षं बंदर अब्बासहून मशहदला माल नेला, ह्याच रस्त्याने. हजार वेळा तरी गेलो असेन. दर वेळी ही भिंत दिसायची आणि दर वेळी उशीर झालेला असायचा. एकदाही उतरलो नाही. आता कंबर गेली, ट्रक सुटला. म्हटलं, एकदा तरी इथे थांबावं."

यदुल्लाने किल्ली बाहेर काढली. "घ्या."

"नाही, तसं नव्हे..." म्हणता म्हणता नवरोजअलीने यदुल्लाचे डोळे पाहिले आणि मुकाट्याने किल्ली घेतली.

"आणि तुम्हाला, मश्ती?" अर्जुमंद खानमनी विचारलं. "तुम्हाला हवी होती?"

उत्तरं जिभेच्या टोकावर तयार होती. मी कुठला, माझं काय, तुमच्या पायाची धूळ. यदुल्लाने ती सगळी गिळली.

"हवी होती. गुडघे चांगले आहेत माझे, खानम. मी खोटं बोललो. तुम्ही तिसऱ्यांदा विचाराल म्हणून वाट बघत होतो."

खानम ओट्यावर मटकन बसल्या. चष्मा काढून हातात धरला.

"माझ्या बाबांनी दुखण्याचा कधी शब्द काढला नाही, मश्ती. आम्ही विचारायचो, ते म्हणायचे, ठीक आहे. जिन्यात कोसळले तेव्हा कळलं. तुम्ही आपणहून सांगितलंत, तेव्हा वाटलं, ह्या एका माणसाचं तरी वेळेवर ऐकावं. म्हणून नाही विचारलं पुन्हा."

यदुल्लाला स्वतःची फार लाज वाटली, आणि ह्या पोरीचा राग इतके दिवस धरला म्हणून आणखी वाटली. तो तिच्याशेजारी ओट्यावर बसला.

"कागदावर एकच नाव बसतं," खानम चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या. "आणि ते आता बसलंय."

"असू दे. योग्य माणसाचं बसलंय," यदुल्ला म्हणाला. हे मात्र तो रीत म्हणून बोलला नाही.

बाहेर एक गाडी येऊन थांबली. दारं आपटली, बायकामुलांचे आवाज आले, कुणीतरी "केवढी उंच भिंत!" म्हणालं. नवरोजअली एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात सामोवर घेऊन गोंधळून उभा होता. त्याने दाराकडे पाहिलं, मग यदुल्लाकडे.

"मश्ती, मला ह्या भिंतींतलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही रोज याल का इथे?"

"येईन," यदुल्ला म्हणाला.

नवरोजअली दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडून तयार होता. ते त्याने तसंच मिटलं.