एकीचं पातं, दुसरीचा आकडा

पोहायला शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि डावा पाय काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. पाय कृत्रिम होता, गुडघ्याखालचा, करड्या रंगाचा. लोक त्याच्याकडे चोरून बघतात, म्हणाल्या. तर आता बघण्यासारखं काहीतरी असू दे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फर्नची एकोणीस पानं हवीत, कडा दातेरी, देठ दोऱ्याएवढे. पाण्यात सुटता कामा नयेत आणि पाय शुक्रवारी संध्याकाळी मिळायला हवा. पिशवीतून जुना पाय काढून त्यांनी तो चढवला, नवा मापासाठी ठेवला, सोबत पेन्सिलने काढलेलं पानांचं चित्र दिलं आणि निघून गेल्या.

दुकान चालवणाऱ्या दोन जावांपैकी थोरलीने हो म्हणून टाकलं. धाकट्या जावेला तिने विचारलं नाही, आणि इथेच ठिणगी पडली.

दुकान स्टिकर आणि पाट्यांचं, घराच्याच तळमजल्यावर. थोरलीने सोळा वर्षं ते सांभाळलं होतं. आधी पाट्या हाताने रंगवून आणि स्टिकर कटरने कापून, मग कापायचं मशीन आल्यावर मशीनवर. दोघे भाऊ, म्हणजे त्यांचे नवरे, दिवसभर शिड्यांवर चढून पाट्या बसवत हिंडायचे आणि घरातल्या भांडणापेक्षा शिडीवरच बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं. धाकटी तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं शिकून. पहिल्याच आठवड्यात तिने पात्यांचा डबा आवरला आणि जुनी पाती फेकून दिली. त्यातली दोन थोरलीची आवडती होती. ते थोरली अजून विसरली नव्हती, आणि विसरायचा तिचा विचारही नव्हता.

तेव्हापासून मशीन वाटून घेतलेलं होतं. सकाळ धाकटीची, जेवणानंतर थोरलीची. एकमेकींशी कामापुरतंही बोलणं नव्हतं. निरोप सासूबाईंमार्फत जायचे, आणि सासूबाई ते पोचवण्याआधी त्यातला तिखटपणा काढून टाकायच्या. त्यामुळे निरोप पोचायचा, पण राग पोचायचा नाही, आणि दोघींना वाटायचं की समोरचीला काही लागतच नाही.

फर्नबद्दल धाकटीने निरोप पाठवला की एवढ्या बारीक रेघा कापल्या जाणार नाहीत, थोड्या जाड कराव्या लागतील. सासूबाईंनी तो 'जरा कठीण आहे म्हणते' असा पोचवला. थोरलीने त्याचा अर्थ 'जमत नाही' असा घेतला आणि मनातल्या मनात खूश झाली.

सोमवारी धाकटीने पहिलं पान कापलं. बारीक कामासाठी ठेवलेलं नवं टोकदार पातं तिने बसवलं आणि मशीनवर ऑफसेटचा आकडा पन्नास केला. पातं ज्या नळीत बसतं तिच्या मध्यापासून त्याचं टोक किती मागे चालतं, ते मशीनला ह्या आकड्यावरून कळतं. कळलं तर कोपरे जुळतात, नाहीतर उघडे राहतात. कोपरे जुळले. चाचणीपुरतं झालं म्हणून ती वर गेली. दुपारी थोरली आली. तिने आकडा पाहिला. ह्या मशीनवर नेहमी पंचवीसच असायचा. धाकटीने काहीतरी बिघडवलं, असं धरून तिने पंचवीस केला. पातं कोणतं आहे, हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही. साहजिकच एकही कोपरा बंद होईना. मग तिने दाब वाढवला. तरी होईना, तेव्हा नळी फिरवून पात्याचं टोक आणखी बाहेर काढलं. मागचा कागदही कापला गेला आणि सोलताना पान कागदासकट फाटून हातात आलं.

मंगळवारी सकाळी धाकटीने आकडा परत पन्नास केला, दाब खाली आणला. पण टोक किती बाहेर आलंय, हे तिने पाहिलं नाही. पानांची टोकं उचलून चुरगळली. तिने बोल लावला व्हिनाइलच्या, म्हणजे स्टिकरच्या प्लास्टिकच्या, गुंडाळीला. दुपारी थोरलीने पुन्हा पंचवीस. बुधवारीही तेच. टोपलीत फाटक्या पानांचा ढीग झाला, आणि दोघींनाही खात्री होती की दुसरी मुद्दाम करते आहे.

गुरुवारी सकाळी थोरली टेप न्यायला खाली आली, तिची पाळी नसताना. धाकटी मशीनपाशी वाकून आकडा बदलत होती.

"हे असंच रोज करतेस ना?" थोरली म्हणाली. तीन वर्षांत हे तिचं पहिलं सरळ वाक्य होतं.

धाकटी वळली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण घाबरलेला नव्हता. "रोज सकाळी पंचवीस झालेलं असतं, जाऊबाई. ते कोण करतं?"

"मी करते. ह्या मशीनवर पंचवीसच असतो. आलं तेव्हापासून."

"पातं कोणतं लावलंय, ते बघितलंत का?"

थोरलीने नळी काढली, पातं बोटावर घेतलं आणि उजेडात धरलं. टोक सुईसारखं होतं. तिचं नव्हतं. धाकटीने नळी तिच्या हातातून ओढूनच घेतली आणि पाहते तर टोक नखाएवढं बाहेर. "आणि हे कोणी?" तिने विचारलं. "एवढं टोक बाहेर? हे काय भाजी चिरायचं मशीन आहे?"

मग जे झालं ते सासूबाईंना वरच्या मजल्यावर स्वच्छ ऐकू गेलं. पात्यांच्या डब्यापासून सुरुवात झाली, मग एकमेकींच्या माहेरच्या लोकांच्या अकलेपर्यंत मजल गेली, आणि दोघींचा घसा बसला तेव्हाच थांबलं. सासूबाई खाली आल्या नाहीत. एवढा तिखट निरोप त्यांना गाळता आला नसता.

शांत झाल्यावरही दोघी तिथून हलल्या नाहीत, कारण हलणं म्हणजे मशीन दुसरीच्या ताब्यात देणं. धाकटीने टोक आत घेतलं. नळी हातात धरून टाकाऊ तुकड्यावर ओढली: व्हिनाइल कापलं गेलं, मागच्या कागदावर जेमतेम ओरखडा. थोरली डोळ्यांत तेल घालून बघत होती. आकडा पन्नास, दाब ऐंशी. चौकोनात त्रिकोण, अशी चाचणी घेतली. कोपरे सगळे बंद.

पान लावलं, आणि मशीन अडखळू लागलं. किर्र, थांब, किर्र, थांब. थोरलीने मान वाकडी करून ऐकलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"तुझ्या एका पानात ठिपके किती आहेत?"

धाकटीने पडद्यावर पान उघडलं. बाईंच्या पेन्सिलच्या चित्रावरून कॉम्प्युटरनेच बाह्यरेषा काढली होती. एका पानात रेघ जोडणारे अकराशे ठिपके. रेघ सरळ दिसत होती, पण मशीनला प्रत्येक ठिपक्याशी वळायला लागत होतं.

"स्वतः काढलं नाहीस," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात जे सुख होतं ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

धाकटी दुपारपर्यंत बसली आणि सगळी पानं हाताने पुन्हा काढली, चाळीस-बेचाळीस ठिपक्यांत. देठ केसभर जाड केले आणि ते थोरलीला सांगितलं नाही. वेग कमी ठेवला. एकोणीसच्या एकोणीस पानं कापली गेली.

सोलायचं काम मात्र तिच्या हातून होईना. चिमट्याने ओढलं की पानाचे दातही सोबत निघून यायचे. थोरलीने न विचारता चिमटा घेतला आणि नको असलेलं व्हिनाइल पाठीमागे आडवं ओढत, दात न् दात वाचवत सोलायला लागली. धाकटी दिवा धरून उभी राहिली. सोळावं पान फाटलं. थोरली म्हणाली दिवा हलला. धाकटी म्हणाली हात हलला. पान पुन्हा कापलं.

शुक्रवारी बाई आल्या. नखाने प्रत्येक कड तपासली, पाय उलटसुलट केला आणि पोटरीवरचं एक पान तिरकं बसलंय, म्हणाल्या. धाकटीने पटकन सांगितलं की मागची बाजू तिने चिकटवलेली नाही. थोरलीने सांगितलं की आखणी धाकटीचीच होती. दोघी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी पाय चढवला.

"एकमेकींचे पाय काय ओढायचे ते ओढा. माझा सोडा," त्या म्हणाल्या आणि चालत दाराबाहेर गेल्या. रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. बाईंनीही थांबून त्यांना नीट बघू दिलं.

दोघींत समेट वगैरे झाला नाही. पुढच्या सोमवारी धाकटीने मशीनशेजारी एक कागद चिकटवला आणि त्यावर तारीख, पातं, आकडा, दाब असे रकाने आखले. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने लिहिलं, 'पात्याचं टोक बाहेर काढू नये.' दुपारी थोरलीने तो कागद दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं, आणि त्याखाली तिच्या जुन्या पाटी-रंगवणारीच्या घोटीव अक्षरात लिहिलं, 'वाचलं.'