न समजलेल्यांची खुर्ची

मी एक खुर्ची आहे. ज्या खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती मी नव्हे. माझे स्वतःचेच चार पाय धड नाहीत. मागचा डावा किंचित आखूड आहे आणि त्याच्याखाली कायम पुठ्ठ्याची घडी असते. सरकारी शाळेतल्या पाचवीच्या वर्गात शिक्षकांनी बसावं म्हणून माझा जन्म झाला.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याचा हात चांगला होता; पण त्या दिवशी त्याला घाई होती. आखूड पाय त्याच्या लक्षात आला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "सरकारी माल आहे, चालतंय." 'चालतंय' हा मी जगात ऐकलेला पहिला शब्द. पुढे शाळेतही तो फार ऐकला. खिडकीची कडी तुटली, चालतंय. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार लागत नाही, चालतंय. एकदा शाळेला संगणक मिळाला. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुना पडदा टाकला आणि तो आमच्याच वर्गाच्या कोपऱ्यात ठेवला. तो पडदा पुढे कुणी काढलाच नाही. तेही चालतंय.

माझ्यावर बसून गेलेले गुरुजी काही वाईट नव्हते. एक सर उन्हातून चालत यायचे आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. दुसरे बसायचेच नाहीत, पण माझ्या पाठीला कोट अडकवायचे, त्यामुळे मला मी कुणीतरी मोठी असल्यासारखं वाटायचं. सगळ्यांची एक सवय मात्र सारखी होती. धडा संपला की ते विचारायचे, "समजलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "होऽऽ."

तो 'हो' मला चांगला ओळखता यायचा. मी वर्गासमोर असायचे, मला सगळे चेहरे दिसायचे. जे ओठ 'हो' म्हणत, त्यांच्यावरचे डोळे भलतीकडेच असत. कुणी शेजारच्याच्या वहीत बघे, कुणी छताकडे. पोरं खोटारडी नव्हती. 'नाही' म्हणायला जागा कुठे होती? एखादा म्हणालाच, तर बाकीचे फिदीफिदी हसत. एका मुलाचं तर त्यावरून नावच पडलं होतं, शंकासुर.

मग नव्या बाई आल्या. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच आठवड्यात शंकासुर उठला आणि म्हणाला, "बाई, मला नाही समजलं." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, पुठ्ठ्याची घडीही आठवणीने घेतली आणि मला वर्गाच्या मधोमध आणून ठेवलं.

"बस," त्या शंकासुराला म्हणाल्या.

तो घाबरला. "बाई, ही तुमची खुर्ची आहे."

"ज्याला समजलं नाही, तो आज आपला पाहुणा. पाहुण्याला कुणी उभं ठेवतं का? जा रे कुणीतरी, त्याला पाणी आणा."

त्या दिवसापासून ही आमच्या वर्गाची रीतच झाली. ज्याला समजलं नाही, त्याने येऊन माझ्यावर बसायचं. त्याला पेलाभर पाणी मिळायचं आणि बाकीच्यांनी त्याला समजावून सांगायचं. समजावताना 'सोप्पं तर आहे' हे शब्द काढायचे नाहीत. आणि पाहुण्याने समजल्याशिवाय उठायचं नाही. समजलं हे कसं ओळखायचं, तर तेच त्याने दुसऱ्या कुणाला तरी समजावून दाखवायचं. बाई स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसत आणि गरज पडली तरच बोलत.

शंकासुराने तर माझ्यावर मुक्कामच ठोकला. पोरं म्हणायची, "घरपट्टी भर रे आता." तो म्हणायचा, "तुम्हाला सगळं समजतं ना, मग सांगा की पटापट." आणि सांगायला गेलं की त्यांची भंबेरी उडायची. आपल्याला समजलंय असं ज्यांना वाटत होतं, तेही मग एकेक करून माझ्यावर येऊन बसू लागले. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकी चांगली वजनं कधी मिळाली नव्हती.

एक मुलगी मात्र कधी आली नाही. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसायची. इतक्या हळू बोलायची की पोरांनी तिचं नाव कुजबुज ठेवलं होतं. तिला आई-वडील नव्हते. आत्याने वाढवलं होतं. आत्या शिवणकाम करायची, पिशव्या आणि दप्तरं शिवायची. कुजबुज रोज 'हो' म्हणायची आणि तिचे डोळे रोज खाली असायचे.

एकदा मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना ती माझ्यापाशी आली. आधी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग माझ्या हातावर बोट फिरवलं. मग अगदी टोकाशी बसली, एखादं पाखरू फांदीवर टेकतं तशी. आणि माझ्याच कानात सांगितल्यासारखं म्हणाली, "भागाकार केला की संख्या लहान व्हायला हवी ना? मग अर्ध्याने भागलं की मोठी कशी होते?"

मी लाकूड आहे. पण त्या क्षणी मला तोंड असतं तर, असं फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला ती उठली. येऊन माझ्यावर तशीच टोकाशी बसली. पाण्याचा पेला आला. एकाने खडूचे तुकडे करून दाखवले, एकीने कागदाच्या घड्या घातल्या. कुजबुजच्या डोळ्यांत काही उजेड पडेना. शेवटी मागच्या बाकावरून बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी रोज काय मोजतात गं?"

"कापड."

"एक मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतात?"

"दोन," ती ताबडतोब म्हणाली. मग तिने बोटांनी मांडीवर कापड मोजून पाहिलं. "म्हणजे तुकडा लहान झाला, म्हणून तुकडे जास्त झाले."

त्या तासाला ती माझ्यावरून उठली तेव्हा मला वाटलं, ही आली त्यापेक्षा जड होऊन गेली.

पण गोष्ट इथे संपली नाही. कुजबुज घरी गेली आणि आनंदाने आत्याला म्हणाली, "आज मला बाईंनी सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. मला येत नव्हतं ना, म्हणून." आत्याच्या लहानपणी ज्याला येत नसे त्याला बाकावर उभं करत, कोपऱ्याकडे तोंड करून बसवत. तिला वाटलं, तसंच काहीतरी नवं निघालंय. तिने हातातली शिवण खाली ठेवली, शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली आणि सांगून आली, "आमच्या बिनआईच्या पोरीला बाईंनी वर्गापुढे बसवून तिची शोभा केली."

दोन दिवसांनी शिक्षण खात्याचे साहेब आले. बरोबर मोठे सर होते आणि दाराशी आत्या. तिच्या गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकत होती. मशीनवरून उठून आली असणार.

"बाई," आत्या म्हणाली, "पोर मुळातच बोलत नाही. तिची अक्कल चारचौघांत काढून तुम्हाला काय मिळालं?"

"अहो, तसं नाहीये ते," बाई म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला.

मोठे सर म्हणाले, "मी सांगत होतो साहेब, शिक्षकाची खुर्ची शिक्षकाच्या जागी असावी."

"तक्रार आली की बदली करायची, हा सोपा मार्ग," साहेब म्हणाले. "पण मी आधी वर्ग बघतो. बदलीचं नंतर ठरवू." एवढं बोलून ते सवयीप्रमाणे, समोर दिसलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले. म्हणजे माझ्यावर. वर्गाच्या मधोमध.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पहिल्या बाकावरची मुलगी उठली, पाण्याचा पेला भरून घेऊन आली, साहेबांच्या हातात दिला आणि आदराने विचारलं, "साहेब, तुम्हाला काय समजलं नाही?"

मोठ्या सरांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई पुढे व्हायला निघाल्या आणि कोण जाणे का, थांबल्या.

"मी तपासणीसाठी आलोय, बाळ," साहेब म्हणाले.

"असू दे साहेब," शंकासुर मागून म्हणाला. "पहिल्यांदा सगळे असंच काहीतरी सांगतात."

साहेबांची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली. मला वाटलं, आता हे उठणार आणि आमच्या बाई जाणार. पण बोटं हळूहळू सैल झाली. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "अपूर्णांकाने भागायचं असेल तर तो उलटा करून गुणायचा, हे मी लहानपणापासून करत आलोय. उलटा का करायचा, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. तेव्हा विचारायची सोय नव्हती, आणि आता मला कोण सांगणार?"

तिसऱ्या रांगेत बाक करकरलं. कुजबुज उभी राहिली होती. ती काहीतरी बोलली, पण कुणालाच ऐकू आलं नाही.

"जरा मोठ्याने, बेटा."

"म्हटलं, मी सांगते." ती दाराशी गेली. "आत्या, टेप दे ना."

आत्याने गळ्यातली टेप काढून दिली. कुजबुजने तिचं एक टोक आत्याच्याच हातात ठेवलं आणि दुसरं घेऊन ती फळ्यापर्यंत मागे मागे आली. "तीन मीटर कापड आहे. एका पिशवीला पाऊण मीटर लागतं. पिशव्या किती?"

"चार," आत्या दारातून म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"आत्याला पाठ आहे," कुजबुज म्हणाली. "पण साहेब, आधी आपण पाव-पाव मीटरचे तुकडे धरू. एका मीटरात चार, तर तीन मीटरांत बारा. म्हणजे चारने गुणलं. एका पिशवीला तसे तीन तुकडे लागतात, म्हणून बाराला तीनने भागलं. पाऊण म्हणजे तीन छेद चार. आपण चारने गुणलं आणि तीनने भागलं. अपूर्णांक उलटा होतो, तो इथे होतो."

एवढं ती सलग बोलली. मी तिला वर्षभर पाहत होते, आणि आत्या तर जन्मापासून. आत्याने टेपेचं टोक अजून सोडलं नव्हतं.

साहेब मान हलवत उठू लागले, तर शंकासुर म्हणाला, "थांबा साहेब. आता तुम्ही कुणालातरी समजावून दाखवा. त्याशिवाय उठता येत नाही."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्या सरांना हाक मारली. मग साहेबांनी मोठ्या सरांना तीन मीटर कापडाच्या पिशव्या शिवून दाखवल्या. मध्ये एकदा अडखळले, तेव्हा वर्गाने सावरून घेतलं. 'सोप्पं तर आहे' असं कुणीही म्हणालं नाही.

निघताना साहेबांनी आत्याला विचारलं, "तुमच्या तक्रारीचं काय करू?"

"कशाची तक्रार," आत्या पदराने डोळे टिपत म्हणाली. "माझंच समजण्यात चुकलं."

"मग तुम्ही बसा ना खुर्चीवर," पोरं म्हणाली.

"नको रे बाबांनो, माझं मशीन खोळंबलंय." पण जाता जाता तिने माझी वेताची बैठक चाचपून पाहिली. वेत एका जागी उसवला होता. पुढच्या आठवड्यात कुजबुज उरल्यासुरल्या चिंध्यांची शिवलेली एक गादी घेऊन आली. ती आजही माझ्यावर आहे. बाईही शाळेतच आहेत.

त्यानंतर आमच्या शाळेला रंग लागला, नवे फळे आले, लोखंडी खुर्च्या आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दारही एकदाचं लागायला लागलं, कारण एका मुलीने माझ्यावर बसून विचारलं होतं, "दार दुरुस्त का होत नाही, ते मला समजत नाही." त्या दिवशी ते बाईंनाही समजावून सांगता आलं नाही, म्हणून त्या थेट मोठ्या सरांकडे गेल्या.

आता मी म्हातारी झाले आहे. एक हात तारेने बांधलाय, आणि आखूड पायाखालचा पुठ्ठा कितव्यांदा तरी बदललाय. माझ्या आयुष्यात काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मी कुजबुज आमच्या वर्गात होती त्याच वर्षातल्या एका संध्याकाळची गोष्ट सांगेन.

शाळा सुटली होती. मोठे सर वर्गात आले. बाहेर कुणी नाही ना, हे त्यांनी वाकून पाहिलं आणि माझ्यावर बसले. कोपऱ्यातल्या पडद्याखालच्या संगणकाकडे बघत, अगदी कुजबुजसारख्या आवाजात म्हणाले, "मला हा सुरू करता येत नाही."

कुजबुज नेमकी विसरलेला जेवणाचा डबा न्यायला परत आली होती. दारातच थबकली. सर चपापले. ती आधी जाऊन पेलाभर पाणी घेऊन आली आणि सरांच्या हातात दिलं.

"मलाही नाही येत, सर," ती म्हणाली. "पण शंकासुराला येतो. तो अजून पटांगणात आहे. बोलावू?"

सर पाणी प्यायले आणि त्यांनी होकाराची मान डोलावली. ती हाक मारायला धावली. तिची हाक पार पटांगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेली. मग सर उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो पडदा काढला.

शाळा सुधारायला काय काय लागतं, ते मोठी माणसं ठरवतीलच. माझं एवढंच मागणं आहे. ज्या ज्या वर्गात 'होऽऽ' असा एका सुरात आवाज येतो, तिथे एक खुर्ची उचलून मधोमध ठेवा. लाकूड कसलंही चालेल. पाय आखूड असला तरी चालतंय. आयुष्यात पहिल्यांदाच मी हा शब्द मनापासून म्हणतेय.